नागपूरचे फोटो

नवनाथ कुरकुंभहून नाइट करून आला तेव्हा अनसाबाईच्या रेल्वे क्वार्टरात चहाची तिसरी फेरी चालली होती. त्यानं दारातच बूट काढले, दोन्ही पोरांना एकेक टपली मारली, मोरीत तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या तोंडानंच म्हणाला, "काय, माझ्याआधीच समद्या बातम्या सांगून झाल्या व्हय?"

"तुझ्यासाठी राखून ठिवल्यात," चांगदेवआबा म्हणाले. "बस."

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हे असंच असायचं. दिवे लावायला म्हणून कुणी येत नव्हतं. शाळा बंद असतात, एसटीच्या जादा गाड्या सुटतात, एवढंच निमित्त. थोरले चांगदेव बायकोला घेऊन शिरूरहून यायचे, धाकटा नवनाथ बायकापोरांसह कुरकुंभहून. दौंडचं हे घर मधल्या भावाचं, खंडूचं. म्हणजे त्याच्या माघारी अनसाबाईचं. खंडू रेल्वेत गँगमन होता, रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीत. शहाऐंशी साली पाटसच्या अलीकडे गाडीखाली सापडला. त्याच्या जागी अनसाबाईला ऑफिसात शिपायाची नोकरी मिळाली, नोकरीबरोबर या दोन खोल्या मिळाल्या. तेव्हा माया पाच वर्षांची होती. बाईला आणि पोरीला एकटं वाटू नये म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांनी इथंच जमायचं, हे आबांनी ठरवलं, आणि तेरा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं.

बातम्या नेहमीच्याच होत्या. आबांची थोरली लेक रांजणगावला, तिच्या घरी फोन आला होता. पण तिची सासू रिंग वाजली की आधी पदर सावरते आणि मगच रिसिव्हर उचलते, हे आबांच्या बायकोनं, गिताबाईंनी करून दाखवलं. आबा मार्चमध्ये शाळेतल्या शिपायाच्या नोकरीतून रिटायर झाले होते, आता शिरूरच्या विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. माया डी.एड.ला लागली होती. नवनाथला प्लांटवर सिनियर ऑपरेटर करणार, असं दोन वर्षं चाललं होतं ते या महिन्यात झालं.

"आन् माझी बातमी?" शालन म्हणाली. "ती कोन इचारनार?"

नवनाथची बायको शालन या घरात नव्वद साली आली. तिची बातमी सगळ्यांना माहीत होती. दसऱ्याला कंपनीतल्या लोकांनी मिळून बस केली होती आणि ती पहिल्यांदाच नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली होती. पण फोटो अजून कुणीच पाहिले नव्हते. छत्तीसचा रोल होता, तो संपायलाच तीन आठवडे गेले. आज सकाळी स्टेशनासमोरच्या स्टुडिओतून ती पाकीट घेऊन आली होती आणि नवऱ्याची वाट बघत तिनं ते कुणाला उघडू दिलं नव्हतं.

आता ती सतरंजीच्या मधोमध बसली आणि एकेक फोटो हातात देऊ लागली.

"ही बस. हा ड्रायव्हर, लई तंबाखू खायचा. हे बघा, सकाळी पोचलो तवाचं. माणसं बघा, आक्का! मुंगी शिरंल का मधी?"

गिताबाई फोटो हातभर लांब धरून बघत होत्या. "आन् झोपला कुठं एवढ्या माणसांत?"

"कुठं काय, शाळंच्या वऱ्हांड्यात. पोरं चादरीवर आन् आम्ही पेपरवर."

फोटो हातोहात फिरत होते. कुणाचं तरी डोकं कापलेलं, कुठं बोट आलेलं. नवनाथ चिवडा खात खात म्हणाला, "बोट आलेले समदे हिनं काढलेत बरं का."

"तुमीच तर लाईनीत अडकलेले दोन तास. मग कोन काढनार?" शालननं पुढचा फोटो काढला. "हा बघा, मीच काढलाय. कसा आलाय?"

फोटोत तिची दोन्ही पोरं पत्रावळीवर पुरीभाजी खात होती. मागं मांडव होता, पाण्याची पिंपं होती, आणि पिंपाशी एक माणूस उभा होता. निळी टोपी, पांढरी खुरटी दाढी. उजव्या हातानं त्यानं मागून डावा कोपर धरला होता.

"हां ताई, हे सांगायचंच राह्यलं तुमाला!" शालन अनसाबाईंकडे वळली. "ह्ये पानी वाटनारे काका तुमाला वळखत्यात."

"मला?" अनसाबाई हसल्या. "नागपुरात?"

"आवं, आमचं बोलनं ऐकून म्हनले, पुन्याकडचे का? म्हटलं व्हय, दौंडजवळ. तर म्हनले, दौंडात कोन हाय? म्हटलं जाऊबाई हायती, रेल्वेत, अनसाबाई. तवा जरा गप राह्यले आन् मग म्हनले, माया केवढी झाली? मला वाटलं रेल्वेतलेच असतील, बदली झालेले. म्हटलं बारावी झाली, डी.एड. करतीया. तर म्हनले, बरं झालं. नाव इचारायच्या आतच पोरगं पडलं पान्यात, मग मी तिकडं पळाले."

अनसाबाईंनी फोटो हातात घेतला.

आधी त्यांना नुसता तो हात दिसला. मागून कोपर धरायची ती तऱ्हा. गँगमध्ये गाडी जाऊ द्यायला माणसं रुळाबाजूला उभी राहतात, तेव्हा सगळ्यांच्या हातात काही ना काही असायचं. खंडू मात्र पहार खाली टाकून असा कोपर धरून उभा राहायचा. डबा द्यायला गेल्यावर लांबूनच त्यांना तो त्यावरून ओळखू यायचा. त्यांनी फोटो खिडकीकडे नेला. टोपीखाली डावा कान दिसत होता. कानाची पाळी खालून फाटलेली होती. लहानपणी त्याला कुत्रं चावलं होतं, असं सासूनं लग्नात सांगितलं होतं.

त्यांनी खिडकीचा गज धरला. ओरडावंसं वाटलं नाही. मनात एकच वेडगळ विचार आला, की याला दाढी कवा आली, याला तर दाढी आवडत नव्हती.

"नवनाथ," त्या म्हणाल्या, "हिकडं ये. हा कोन हाय बघ."

नवनाथ हात पुसत उठला. त्यानं फोटो पाहिला आणि तोंडातला घास तसाच राहिला. खंडू गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. एका ताटात जेवलेला भाऊ.

"दादा," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "वैनी, हा दादा हाय!"

"काय बोलतोस!" गिताबाई उठल्या. "दे हिकडं. दिसायला सारखी मानसं असत्यात बाबा."

"आक्का, कान बघा. हिनं सांगितलं न्हाई का आत्ता, मायाचं नाव घेतलं त्यानं!"

शालननं तोंडावर हात ठेवला. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली हार घातलेला एक फोटो होता, मिशीवाल्या तिशीतल्या माणसाचा. लग्न होऊन आल्यापासून दर फेब्रुवारीत त्याच्या पुण्यानुमोदनाचा स्वयंपाक तिनं केला होता. ती त्या फोटोकडे आणि गिताबाईंच्या हातातल्या फोटोकडे आळीपाळीनं बघू लागली. त्या माणसाच्या हातचं पाणी तिची पोरं प्यायली होती.

माया आतल्या खोलीतून आली. कुणी तिला काही सांगितलं नाही. तिनं गिताबाईंच्या हातून फोटो घेतला, बराच वेळ पाहिला. तिला वडील ठाऊक होते ते भिंतीवरच्या फोटोतलेच, म्हणून या फोटोत तिला एक अनोळखी म्हातारा दिसला, बस. पण बाकीच्यांचे चेहरे ती बघत होती, आणि त्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. सगळे एकमेकांच्या हातातून फोटो ओढत होते. चांगदेवआबा जागचे हलले नव्हते. मांडी घालून, कपबशी पुढ्यात ठेवून ते जमिनीकडे बघत होते.

"आबा," ती म्हणाली, "तुमी बघितला न्हाई फोटो."

गिताबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"आबा, तुमी का बघत न्हाई?"

चांगदेवांना वाटलं, आता खोटं बोलता येईल. सवय होती. पण पोरगी समोर उभी होती आणि तिच्या हातात तो फोटो होता. तेरा वर्षं रोज ज्याची वाट बघितली ते अखेर आलं, म्हणून त्यांना आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं.

"मला ठाव हाय त्यो जिता हाय," ते म्हणाले.

गिताबाई मटकन खाली बसल्या.

"काय म्हनलात?"

"शिरूरच्या स्टँडवर आला हुता. त्या आठवड्यातच. म्हनला, आबा, म्या चाललो, मला हुडकू नका. एक बाई हुती, मनमाडकडची, खडीच्या कामावर आलेली. तिच्याबरूबर. मी त्याच्या मुस्काडात दिली. भर स्टँडवर. त्यो काय बोलला न्हाई, गाडीत बसला."

"आन् तुमी मला सांगितलं न्हाई," अनसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

"सांगनार हुतो. तीन दिस धीर झाला न्हाई. आन् चौथ्या दिशी पोलिसाचा मानूस आला, की पाटसच्या अंगाला रुळावर एक मयत हाय, गँगमन कामावर न्हाई, तुमचा भाऊ हाय का बघा." आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्वांड राह्यलं नव्हतं. खाकी सदरा हुता. मी हात बघितला. पहार मारणाऱ्याच्या हाताला घट्टे असत्यात. त्या हाताला एक बी नव्हता. मऊ हात. मला तवाच कळलं, ह्यो आपला न्हाई."

"मग?" नवनाथ ओरडला. "मग व्हय कशापायी म्हनला?"

"कामावरनं पळून गेला असता तर नाव कापलं असतं त्याचं. क्वार्टर गेलं असतं. ही पाच वर्साची पोर घिऊन कुठं गेली असती? माझ्या शिपायाच्या पगारात माझीच चार हुती. पोलीस म्हनला, सांगा लवकर, हाय का न्हाई. मी म्हनलो, व्हय. आमचा खंडूच हाय. एवढंच."

गिताबाई नवऱ्याकडे बघत होत्या. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं चहात साखर कमी पडली तरी सांगितलं होतं. "माझ्या शेजारी झोपत हुता तुमी," त्या म्हणाल्या. "तेरा वर्सं. आन् मी ह्या बाईच्या बांगड्या फोडल्या माझ्या हातानं. माझ्या हातानं, आवं!"

नवनाथनं शर्ट अडकवला होता तो खुंटीवरून ओढला. "मी चाललो नागपूरला. आजच्याच गाडीनं. कॉलर धरून आनतो त्याला. बरं झालं म्हनतो काय! हिथं मानूस..."

"बस खाली," अनसाबाई म्हणाल्या.

"वैनी, तुमी..."

"खाली बस. त्याला दौंडचा पत्ता ठाव हाय. यायचं असतं तर आला असता."

माया आईजवळ जाऊन उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, नुसता राग आला होता, आणि तो कुणाचा ते तिला कळत नव्हतं. "बरं झालं, एवढंच म्हनले?" तिनं शालनला विचारलं. "दुसरं काय न्हाई?"

"न्हाई गं," शालन रडत म्हणाली. "हसले जरा."

यार्डात शंटिंगचे डबे आदळत होते. शालनच्या धाकट्यानं बिस्कीट मागितलं, त्याला कुणीतरी दिलं. मग अनसाबाई खिडकीपासून आल्या आणि थेट थोरल्या दिरासमोर बसल्या. एरवी त्या त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. आज पदर खांद्यावर आला होता आणि त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"आबा, मग आपन कुनाला जाळलं?"

आबांनी वर पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी स्वतःशी सगळ्या प्रश्नांची उत्तरं जुळवून ठेवली होती. हा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"ठाव न्हाई."

"कसा हुता?"

"पोरगा हुता. चोवीस-पंचवीसचा."

"आनिक?"

"आनिक काय अनसा, सोड की आता."

"आनिक?"

आबांनी कपबशी बाजूला सारली. "मनगटावर दोरा हुता. हळकुंड बांधलेला. वला हुता अजून, पिवळा. मी त्यो तोडला, कुनी बघायच्या आत. खिशात घातला. नदीत टाकला मग."

गिताबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं. लग्नाची हळद उतरायच्या आत मेलेला पोरगा होता तो. भीमेच्या काठी त्याला खंडू म्हणून जाळलं होतं, आणि त्याच्यासाठी अनसाबाई दोन दिवस शुद्धीवर नव्हत्या.

अनसाबाईंना तो धूर आठवला. आपल्याला धरून ठेवलेले हात आठवले. एवढं मोठं रडणं आपण रडलो ते आपल्या माणसासाठी नव्हतंच. ते कुणा दुसऱ्याच बाईचं रडणं होतं, आणि तिला ते कुणी रडू दिलं नव्हतं. ती अजून दाराकडं बघत असंल. हळद लावून आलेली, सोळा-सतराची. आता तिशीची झाली असंल. तिला कुणी विधवा म्हणत नसंल, सवाशीण म्हणत नसंल. नवरा टाकून पळाला म्हणून लोक तिलाच बोलत असतील.

"उद्या मी स्टेशनच्या चौकीत जानार," त्या म्हणाल्या.

"कशाला?" नवनाथनं विचारलं.

"त्यो माझा मानूस नव्हता म्हून सांगायला. त्याच्या घरच्यास्नी कळाया पायजे."

मघापासून आबांवर उखडलेला नवनाथ एकदम आबांच्या बाजूला सरकला. "वैनी, डोकं ठिकान्यावर हाय का? नोकरी जाईल. क्वार्टर जाईल. आबा आत जातील ह्या वयात! खोटी वळख दिली म्हून!"

"न्हाई गं अनसा," गिताबाईंनी अनसाबाईंचे दोन्ही हात धरले. घटकेपूर्वी नवऱ्याकडे बघवत नव्हतं त्यांना. "केलं ते तुज्यासाठी केलं गं त्येनी. चुकलं. पर तुज्यासाठी."

"ठाव हाय, आक्का. त्याच्याच जोरावर आजवर भाकर खाल्ली." अनसाबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. "आबा, तुमचं नाव मी घेनार न्हाई. म्हनीन, मीच वळखलं हुतं."

"कागदावर सही माझी हाय," आबा म्हणाले.

"आई," माया म्हणाली, "नोकरी गेली तर माझं डी.एड.?"

खोलीतल्या कुणालाच ते विचारायचं धैर्य झालं नव्हतं. अनसाबाईंनी लेकीकडे पाहिलं.

"अवघड हुईल," त्या म्हणाल्या. "मी काय खोटं सांगत न्हाई. तू म्हन, जाऊ नको, तर मी इचार करीन. पर तू म्हन. ह्यांनी कुनी न्हाई."

माया फोटोतल्या म्हाताऱ्याकडं बघत राहिली. मग तिनं तो पालथा करून शालनच्या पाकिटात ठेवला.

"त्या पोरीला तेरा वर्सं कुनी काय सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मला बी न्हाई. जा तू."

दुपारी कुणी धड जेवलं नाही. एरवी नवनाथ आणि आबा शेजारी बसून जेवायचे. आज आबा एकटेच उंबऱ्याशी बसले, आणि गिताबाईंनी त्यांना वाढलं पण बोलल्या नाहीत. संध्याकाळी शालन पोरांना घेऊन कुरकुंभला जाणार होती, ती गेली नाही. सगळ्यांनी एकाच खोलीत अंथरुणं टाकली.

सकाळी नऊला अनसाबाईंनी ऑफिसात रजेचा अर्ज दिला आणि स्टेशनाकडे निघाल्या. पुलाच्या पायऱ्यांवर मागं चपला वाजल्या. चांगदेवआबा होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, शाळेत असताना घालायचे तो कोट.

"आबा, तुमी कशाला आला?"

"तुला काय सांगता येनार हाय?" आबा दम खात म्हणाले. "तू बघितलंच नव्हतंस त्याला. त्वांड झाकलेलं हुतं. बघितलं मी." त्यांनी कठडा धरला. "गिता रडतीया घरी. रडू दे. चल."

चौकीत एक तरुण हवालदार पेपर वाचत होता. त्यानं दोघांना बाकावर बसायला सांगितलं. सुरुवात अनसाबाईंनी केली. शहाऐंशी साल. फेब्रुवारी. पाटसच्या अंगाला. हवालदारानं ऐकता ऐकता पेपर घडी करून ठेवला, आणि अर्धं ऐकून झाल्यावर तो एकदा आबांकडे, एकदा अनसाबाईंकडे बघू लागला. असं सांगायला कुणी येतं यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"बाई, तेरा वर्षं झाली," तो म्हणाला. "केस बंद झाली. तुमची नोकरी चालू आहे. हे लिहून घेतलं तर काय होईल, माहीत आहे ना?"

"व्हय."

"आजोबा, तुम्हाला?"

आबांनी मान हलवली. "मनगटावर हळदीचा दोरा हुता, सायेब. ते आधी लिवा. त्याच्यावरनं घरचे वळखतील."

हवालदारानं कपाटातून कोरा कागद काढला, पेन झटकलं, वर तारीख टाकली.

"बरं, सांगा. मयताचं नाव काय?"

"तेच इचारायला आलोय, सायेब," अनसाबाई म्हणाल्या.